जुन्या लिनक्सचा कर्नल पॅच करताना

उद्यमनगरात बिलिंगच्या पीसीवर कुठंकुठं अजून जुनंच लिनक्स चालतंय. त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पॅच करायचा, म्हणजे त्यातली सुरक्षेची भोकं बुजवायची, तर आधी टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' (uname -r) मारा; कर्नलची आवृत्ती दिसेल. नुसत्या आकड्याला घाबरू नका. रेड हॅट, डेबियनसारखे लिनक्स तयार करून देणारे दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात, त्यामुळं ३.१० दिसला तरी पॅच आलेला असू शकतो. कर्नल पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून सीव्हीई नंबर, म्हणजे त्या भोकाचा नोंदणी क्रमांक, शोधा. उदाहरणार्थ, 'डर्टी काऊ' या भोकाचा २०१६-५१९५. साध्या युजरला थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, करणारं हे भोक २००७ पासून होतं, बुजलं २०१६ ला!

अपडेटनंतर रीबूट कराच, नाहीतर मेमरीत जुनाच कर्नल पळत राहतो. 'बिलं अडतील' म्हणणाऱ्या मालकाला सुट्टीदिवशी गाठा. जुना कर्नल मात्र काढू नका. नवा उठला नाही, तर पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून तोच निवडता येतो.