बोनस शाश्वतता अहवालाशी जोडताना या चुका टाळा

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण, कामगार आणि कारभाराची माहिती देणारा शाश्वतता अहवाल, बंधनकारक झाला. त्यातले आकडे आता एमडी आणि प्लांट हेडच्या बोनसमध्येही येऊ लागले आहेत. ते यायलाच हवेत. पण अहवालातला आकडा पगारासाठी जसाच्या तसा उचलू नका. अहवालाने काय घडलं एवढं सांगितलं तरी पुरतं. बोनस द्यायचा तर ते त्या अधिकाऱ्याच्या कामामुळे घडलं का, हेही पाहावं लागतं.

पायाभूत वर्ष चुकणं

पायाभूत वर्ष म्हणजे ज्याच्याशी पुढच्या वर्षांची तुलना होते ते. गोव्यातल्या हॉटेलांत ही चूक सर्वात महागात पडते. समजा, २०० खोल्यांचं रिसॉर्ट आहे. पाहुणे असोत वा नसोत, बाग, तलाव आणि कूलिंग टॉवरला वर्षाला १५,००० घनमीटर पाणी लागतं. शिवाय भरलेल्या प्रत्येक खोलीमागे दर रात्री ०.६ घनमीटर. कोविडच्या २०२०-२१ सालात २५ टक्केच खोल्या भरल्या असतील, तर खोली-रात्रीमागे १.४२ घनमीटर पडतात. पुढे ७० टक्के भरल्या की हाच आकडा ०.८९ होतो. एकही नळ न बदलता ३७ टक्के घट! एकूण वापर मात्र २५,९५० वरून ४५,६६० घनमीटरवर गेलेला असतो.

म्हणून तीन सर्वसाधारण वर्षांची सरासरी पाया धरा, सीझन आणि पावसाळ्याची लक्ष्यं वेगळी ठेवा आणि एकूण वापरावरही मर्यादा घाला. टँकरचं पाणी मीटरमधून जात नसेल, तर दर महिन्याला चलनं गेटच्या नोंदवहीशी ताडून पाहा. नळाचं बिल उतरलं आणि टँकर वाढले, तर बचत झालेलीच नसते.

रुपयामागच्या आकड्यावर बोनस

बीआरएसआर उलाढालीच्या दर रुपयामागे ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जन विचारतो. गोव्यात वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्याची निर्यात डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरताच उलाढाल फुगते आणि हा आकडा आपोआप उतरतो. बोनससाठी उत्पादनाच्या दर किलोमागचा आकडा घ्या, तोही गोळ्या आणि इंजेक्शनं यांचा वेगवेगळा.

विजेचंही तसंच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने काढलेला ग्रिडचा उत्सर्जन गुणांक (विजेच्या दर युनिटमागचं कार्बन उत्सर्जन) खाली आला, की स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन, कारखान्यात काहीही न करता घटतो. अहवालात नवा गुणांक वापरा. बोनसच्या हिशेबात मात्र पायाभूत वर्षाचाच कायम ठेवा.

अपघात लपवायला लावणारं बक्षीस

दहा लाख मनुष्य-तासांमागे कामाचा दिवस बुडवणारे अपघात किती, यावर थेट बोनस लावला, की जखमी कामगाराला दुसऱ्या दिवशी हजेरीपुरतं बोलावून ‘हलकं काम’ दिलं जातं आणि नोंद टळते. यात त्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो. त्यापेक्षा थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत झालेली दुरुस्ती, यांना गुण द्या. मृत्यू झाला, मग तो कंत्राटी कामगाराचा का असेना, सुरक्षेचा पूर्ण हिस्सा शून्य. इतर गुणांनी तो भरून काढता येऊ नये.

चिमूटभर वजन

एक कोटीच्या बोनसमधले २० टक्के पाच निकषांत वाटले, तर एकेकाच्या वाट्याला चार लाख येतात. त्यासाठी कोणी बॉयलर बदलत नाही. दोनच निकष ठेवा.

पैसे आधी, पडताळणी नंतर

बोनस बहुधा मे महिन्यात वार्षिक निकालांबरोबर ठरतो, तर बीआरएसआर वार्षिक अहवालासोबत त्यानंतर येतो. बीआरएसआर कोअरच्या, म्हणजे या अहवालातल्या निवडक मुख्य निकषांच्या, पडताळणीची सक्ती २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तुमची कंपनी त्या टप्प्यात नसली, तरी बोनसचे निकष बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि तोवर हा हिस्सा रोखून ठेवा.

कंपनी कायद्याच्या कलम १९९ वर विसंबू नका. त्यातली जादा दिलेल्या मानधनाची वसुली वित्तीय विवरणपत्रं दुरुस्त करावी लागली तरच होते. पाण्याचा किंवा उत्सर्जनाचा आकडा चुकीचा निघाला तर ते कामी येत नाही. म्हणून नेमणुकीच्या करारातच वेगळं कलम घाला: आकडा दुरुस्त झाल्यास किती वर्षं मागे जाऊन वसुली होईल, नोकरी सोडलेल्यालाही ती लागू असेल का आणि निर्णय मानधन समिती घेईल की संचालक मंडळ. आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी त्यावर सह्या घ्या.