तान्ह्याचा श्वास पूर्ण मिनिट मोजा

कॅरोटिड सायनस रक्तदाब ओळखतो आणि कॅरोटिड बॉडी रक्तातला ऑक्सिजन, एवढे तुम्हा नव्या डॉक्टरांना येते असे धरतो. कॅरोटिड बॉडी म्हणजे मानेत धमनी दुभंगते तिथला तांदळाच्या दाण्याएवढा अवयव. ऑक्सिजनचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या खाली गेला की तो नवव्या क्रॅनियल नर्व्हमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलाला जोराने निरोप धाडतो आणि श्वास वाढतो. श्वासाच्या नियंत्रणातले याचे काम उलगडल्याबद्दल शास्त्रज्ञ हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. परीक्षेला एवढे पुरते. गडचिरोलीत किंवा मेळघाटात पहिली पोस्टिंग मिळाली की पुरत नाही.

इन्फेक्शनने शरीरात दाह (इन्फ्लमेशन) पेटला की आयएल-१, आयएल-६, टीएनएफ ही रसायने रक्तात येतात. कॅरोटिड बॉडीच्या पेशींवर त्यांचे रिसेप्टर असतात. ऑक्सिजन बरेच दिवस कमी राहिला तर या अवयवातच दाहाच्या पेशी शिरतात आणि तो जास्त हळवा होतो. उंदरांमध्ये आयबुप्रोफेन किंवा डेक्सामेथासोन दिल्यावर हा हळवेपणा कमी होतो. पण एवढ्यावरून धाप लागलेल्या रुग्णाला आयबुप्रोफेन देऊ नका. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने सगळे शरीर बिघडते तेव्हा, श्वास वाढण्यामागे ताप, लॅक्टिक आम्ल आणि फुप्फुसही असते, सगळे कॅरोटिड बॉडीच्या माथी मारता येत नाही.

आता खरा सापळा. वरचे वाचून डोक्यात पक्के बसते: दाह म्हणजे श्वास जलद. इकडे लोक ज्याला लहाक म्हणतात ती धाप दिसली की इन्फेक्शन, नाही दिसली की बाळ ठीक. एक महिन्याच्या आतल्या बाळात हे उलटे होऊ शकते.

पोटात असताना बाळाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब २५ मिमीच्या आसपास असतो. जन्मताच तो एकदम चढतो, आणि त्याच खालच्या पातळीला सरावलेली कॅरोटिड बॉडी गप्प बसते. नव्या पातळीला जुळायला तिला काही दिवस ते दोनेक आठवडे लागतात. तोवर ऑक्सिजन कमी पडला तर बाळाचा श्वास मिनिट-दोन मिनिटे वाढतो आणि मग खाली येतो. त्यात इन्फेक्शन झाले की आयएल-१ मुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि ते मेडुलातल्या श्वासकेंद्राला दाबते. म्हणून सेप्सिसचे पहिले लक्षण धाप नसून श्वासातला खंड असू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर हे हमखास लक्षात ठेवा. माय सांगते, "लेकरू दूध पेत नाही, नुसतं निजून राह्यते." त्या वाक्याला आकड्याइतकीच किंमत द्या.

आणि इथेच "पंधरा सेकंद मोज, चाराने गुण" हा वॉर्डातला शॉर्टकट घात करतो. शिकवणारा कितीही सीनियर असो, हा ऐकू नका. तान्ह्याचा श्वास मुळातच लयीत नसतो, पाच-दहा सेकंदांचे छोटे खंड निरोगी बाळातही पडतात. खंडात सापडलात तर २४ येतील, भरात सापडलात तर ८०. दोन्ही खोटे. दुपटे सोडा, पोट उघडे करा, बाळ शांत असताना घड्याळ धरून ६० सेकंद मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा पूर्ण मिनिट. मे महिन्यात पत्र्याच्या घरात बाळ तापलेले असेल तर आधी सावलीत घ्या, मग मोजा. खंड २० सेकंदांचा झाला, किंवा त्याहून लहान असूनही ओठ निळे पडले किंवा ठोके मंदावले, तर तो अ‍ॅप्निया. पाठ चोळा, तळव्याला टिचकी मारा, मान सरळ ठेवा. श्वास आला नाही तर अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) मिनिटाला ४० ते ६० श्वास द्या, आणि लगेच एसएनसीयूकडे, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षाकडे.

घाबरू नका, ही नजर महिनाभरात बसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनाही श्वास मोजायला शिकवले आहे.

ऑक्सिमीटरबद्दल थोडे. कॅरोटिड बॉडी ऑक्सिजनचा दाब ओळखते, हिमोग्लोबिन किती आहे ते नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पांढऱ्याफटक मुलीचे हिमोग्लोबिन ५ असले तरी फुप्फुस चांगले असेल तर दाब ठीक राहतो. ती बसल्या जागी शांत दिसेल, आकडाही ९६ दाखवेल. तिच्या पापणीखाली आणि तळहातावर बघा, हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासा.