इस्रायलच्या डायस्पोरा मंत्र्याची कारकीर्द कशी लिहावी

डायस्पोरा, म्हणजे इस्रायलबाहेर जगभर पसरलेला ज्यू समाज. त्याच्याशी संबंध सांभाळणारा इस्रायली मंत्री चरित्रलेखकाला अवघड जातो. संरक्षणमंत्र्याच्या नावावर लढाया असतात, अर्थमंत्र्याच्या नावावर अर्थसंकल्प. या मंत्र्याच्या नावावर दौरे, भाषणं, शोकसभा आणि पाहुण्यांबरोबरचे फोटो. म्हणून मराठीतल्या बहुतेक नोंदी ‘त्यांनी परदेशस्थ ज्यूंशी संबंध दृढ केले’ एवढं म्हणून आटोपतात. या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. पुढे दिलेली पद्धत विश्वकोशाची नोंद, वृत्तपत्रातलं व्यक्तिचित्र किंवा परीक्षेचं टिपण यांपैकी कशालाही चालेल. नमुन्याला मुख्यतः नाखमान शाय (मंत्री, २०२१–२२) घेतले आहेत, कारण त्यांच्या कारकिर्दीत लेखकाला अडकवणाऱ्या बहुतेक जागा आहेत.

आधी मतदार शोधा

भारतीय वाचक हे खातं आपल्या प्रवासी भारतीय मंत्रालयासारखं समजतो. आपलं ते मंत्रालय २००४ मध्ये निघालं आणि २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. पण दुबईतला किंवा न्यू जर्सीतला अनिवासी भारतीय हा भारताचा नागरिक असतो, यादीत नाव असेल आणि मतदानाला मायदेशी आला तर मतही देतो. न्यूयॉर्क, पॅरिस किंवा ब्युनोस आयर्सचा ज्यू सहसा इस्रायलचा नागरिक नसतोच. तो त्याच्या देशाचा नागरिक असतो आणि तिथेच कर भरतो. १९५० च्या परतीच्या कायद्याने त्याला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे आणि १९७० च्या दुरुस्तीने तो जोडीदार, मुलं, नातवंडं यांच्यापर्यंत पोहोचला. पण तो हक्क बजावेपर्यंत तो परदेशी नागरिकच. उलट परदेशात राहणाऱ्या इस्रायली नागरिकालाही तिथून मत देता येत नाही. ती सोय जवळपास फक्त सरकारी कामावर पाठवलेल्यांना आहे.

म्हणजे हा मंत्री ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडे मत नाही, आणि ज्यांच्याकडे मत आहे त्यांना हा विषय फारसा जवळचा नाही. जगातल्या दीड कोटीहून जास्त ज्यूंपैकी सत्तर लाखांवर इस्रायलमध्ये आणि साठ लाखांवर अमेरिकेत आहेत. या दोन समाजांमधली तेढ हेच खरं चरित्राचं साहित्य. हे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका.

चार रकान्यांची जंत्री

लिहायला बसण्याआधी कागदावर चार रकाने पाडा: कितवी क्नेसेट (इस्रायलची संसद), कोणती यादी, सदस्य होता का, कोणतं पद. इस्रायलमध्ये मतदारसंघ नाहीत. सारा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला, जागा १२०. त्यामुळे ‘अमुक शहरातून निवडून आले’ असं वाक्य कधीच लिहायचं नाही. मराठी लेखांतली ही सगळ्यात सर्रास चूक.

शाय यांची जंत्री अशी होते. अठरावी क्नेसेट, २००९, कादिमा पक्षाची यादी, सदस्य. एकोणिसावी, २०१३, मजूर पक्ष, सदस्य. विसावी, २०१५, झायोनिस्ट युनियन (मजूर पक्ष आणि त्झिपी लिव्हनी यांची संयुक्त यादी), सदस्य. २०१९ पासून बाहेर. जून २०२१ मध्ये बेनेट–लॅपिड सरकारात (नफ्ताली बेनेट आणि याईर लॅपिड यांनी आळीपाळीने पंतप्रधान व्हायचं ठरलेलं) डायस्पोरा मंत्री, पण क्नेसेटचे सदस्य नाहीत. शेवटची ओळ पाहून गोंधळू नका. तिथे पंतप्रधानाला सदस्य असावं लागतं, उपमंत्र्यालाही लागतं, मंत्र्याला लागत नाही. आपल्याकडच्यासारखी सहा महिन्यांत निवडून येण्याची अटही नाही. मराठी संपादक हमखास इथे पेन्सिल फिरवतो आणि ‘खासदार व मंत्री’ असं करून टाकतो. कंसात एक ओळ लिहून ठेवलीत तर वाचाल.

दुसरी अडचण म्हणजे ज्याला तिथे ‘नॉर्वेजियन कायदा’ म्हणतात ती तरतूद. मंत्री झालेला सदस्य क्नेसेटचा राजीनामा देतो, यादीतला पुढचा माणूस त्याच्या जागी येतो, आणि मंत्रिपद गेलं की मूळ माणूस आपली जागा परत घेतो. ही सोय २०१५ पासूनची. त्याआधीचा राजीनामा कायमचा असे. २००३ मध्ये नातान शरान्स्की यांच्या पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या. पक्ष उजव्या लिकुड पक्षात विलीन झाला, शरान्स्की क्नेसेट सोडून मंत्री झाले आणि त्यांच्या जागी युली एडेलस्टाईन आले. हेच एडेलस्टाईन २००९ मध्ये माहिती आणि डायस्पोरा खात्याचे मंत्री झाले. असे धागे जंत्री पाडल्याशिवाय दिसत नाहीत.

खात्याचं नाव त्या दिवशीचं लिहा

हे खातं रबरासारखं ताणलं आणि आखडलं गेलंय. १९९९ मध्ये एहुद बराक यांच्या सरकारात ते मिखाएल मेल्खिओर यांच्याकडे ‘इस्रायली समाज आणि जागतिक ज्यू समुदाय’ अशा नावाने होतं. मेल्खिओर कोपनहेगनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) राहिलेले, म्हणजे स्वतःच डायस्पोरातून आलेले. शरान्स्की २००३ मध्ये बिनखात्याचे मंत्री होते आणि त्यांच्याकडे जेरुसलेम व डायस्पोराची जबाबदारी होती. २००७ मध्ये इसहाक हर्झोग यांना समाजकल्याण खात्याच्या जोडीला डायस्पोरा आणि ज्यूद्वेषविरोधी कामाचं खातं मिळालं. नफ्ताली बेनेट यांनी २०१३ पासून अर्थव्यवस्था आणि मग शिक्षण सांभाळत हे खातं बाजूला ठेवून चालवलं. त्यानंतर २०२० मध्ये आधी त्झिपी होतोव्हेली, मग ओमेर यांकेलेविच, २०२१ मध्ये शाय, आणि डिसेंबर २०२२ च्या सरकारात लिकुडचे अमिखाय चिकली.

चिकली यांच्या खात्याच्या नावात ‘ज्यूद्वेषाशी लढा’ आहे म्हणून ते शब्द त्यांच्यापासून सुरू झाले असं सरसकट लिहिलं जातं. हर्झोग यांची २००७ ची नेमणूक पाहिली असती तर ते लिहिलं गेलं नसतं.

नावाशेजारी दुसरं खातं कोणतं होतं हेही नोंदवा. ज्याच्याकडे शिक्षण आणि डायस्पोरा दोन्ही आहे त्याचा वेळ आणि पैसा शिक्षणात जातो. ज्याच्याकडे फक्त डायस्पोरा आहे त्याला आघाडीच्या वाटाघाटीत शेवटी उरलेलं खातं मिळालेलं असण्याची शक्यता मोठी. आघाडी करारात त्या पक्षाने काय मागितलं होतं हे पाहिलं की उलगडा होतो. २०२१ मध्ये मजूर पक्षाच्या जागा सात होत्या. सात जागांवर मोठी खाती मागता येतात, पण सगळी नाही.

श्रेय देण्याआधी दार तपासा

परदेशातल्या ज्यूंशी संबंध असलेली चार दारं आहेत. राजदूतावास परराष्ट्र मंत्रालयाचे. स्थायिक व्हायला येणाऱ्यांचं काम स्थलांतर आणि समावेशन मंत्रालयाचं. जगभरातल्या ज्यूंना इस्रायलशी जोडणारी ज्यूइश एजन्सी सरकारी नाही. ती १९२९ ची, म्हणजे राज्याच्याही आधीची संस्था, आणि १९५२ च्या कायद्याने तिला खास दर्जा मिळाला. चौथं दार डायस्पोरा मंत्रालयाचं, आणि ते सगळ्यात अरुंद. ‘अमुक मंत्र्याच्या काळात इतके ज्यू इस्रायलमध्ये आले’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच चुकीच्या दारावरची पाटी असते.

तरुणांच्या मोफत दहा दिवसांच्या सहली, म्हणजे तग्लित किंवा बर्थराइट, १९९९ च्या अखेरीस सुरू झाल्या. पैसा देणगीदार, सरकार आणि ज्यू संस्था असा तिघांचा. कुठल्याही मंत्र्याने त्या ‘सुरू केल्या’ असं लिहू नये. सरकारी वाटा कोणाच्या काळात वाढला की घटला, हे अर्थसंकल्पातून काढून लिहिलं तर ते मोलाचं.

आमचं मत असं, की या क्षेत्रातलं वजनदार पद मंत्र्याचं नाहीच, एजन्सीच्या अध्यक्षाचं आहे. शरान्स्की डायस्पोराचे मंत्री होते दोन वर्षं, एजन्सीचे अध्यक्ष नऊ (२००९–२०१८). त्यांच्या जागी हर्झोग आले आणि २०२१ मध्ये तिथून थेट राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा मंत्रिपदानंतर माणूस कुठे गेला हे शेवटच्या ओळीत कोंबू नका. त्याला परिच्छेद द्या.

खरी कसोटी: भिंतीचा करार

जेरुसलेमची पश्चिम भिंत हे ज्यूंचं पवित्र प्रार्थनास्थळ. तिच्यासमोरचं मुख्य पटांगण ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक परंपरावादी, पद्धतीने चालतं. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे, मध्ये आडोसा. अमेरिकेतल्या रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या अधिक मोकळ्या पंथांच्या सभास्थानांत स्त्री-पुरुष एकत्र बसतात, स्त्रिया तोरा (धर्मग्रंथ) वाचतात. अमेरिकेतली जी कुटुंबं एखाद्या पंथाशी स्वतःला जोडतात त्यांतली बहुतेक याच दोन पंथांची. त्यांना भिंतीशी आपल्या रीतीने प्रार्थना करायची असते.

२०१३ मध्ये बेनेट यांनी दक्षिणेकडे, रॉबिन्सन कमानीपाशी एक व्यासपीठ उभारलं. त्यावेळी धार्मिक सेवा खातंही त्यांच्याकडे होतं, म्हणून ते जमलं. एजन्सीत बसलेल्या शरान्स्की यांनी मोठी तडजोड रचली आणि ३१ जानेवारी २०१६ ला मंत्रिमंडळाने ती मंजूर केली: एकत्र प्रार्थनेची जागा वाढवायची आणि तिच्या व्यवस्थापनात गैर-ऑर्थोडॉक्स पंथांना स्थान द्यायचं. शास आणि युनायटेड तोरा ज्यूडाइझम या हरेदी (अतिकर्मठ ऑर्थोडॉक्स) पक्षांचा दबाव वाढला. २५ जून २०१७ ला त्याच मंत्रिमंडळाने अंमलबजावणी गोठवली. एजन्सीचं संचालक मंडळ तेव्हा जेरुसलेममध्येच जमलेलं होतं. त्याने पंतप्रधान नेतान्याहू यांच्याबरोबरचं ठरलेलं जेवण रद्द केलं.

कोणत्याही डायस्पोरा मंत्र्याबद्दल लिहिताना या प्रकरणावर तीन गोष्टी शोधा: त्या तारखेला तो कोणत्या पदावर होता, मंत्रिमंडळात कोणत्या बाजूने उभा राहिला, आणि न्यूयॉर्कमध्ये एक व जेरुसलेममध्ये दुसरं बोलला का. इंग्रजी मुलाखत आणि हिब्रू मुलाखत शेजारी ठेवून वाचा. सूर बदललेला बऱ्याचदा सापडतो. शाय यांच्या वेळी तर सरकारात हरेदी पक्ष नव्हतेच, तरी करार हलला नाही. उजव्या यामिनापासून अरब पक्ष रा’आमपर्यंत पसरलेली ती आघाडी १३ जून २०२१ ला ६० विरुद्ध ५९ मतांनी सत्तेवर आली होती. एक मत निसटलं की सगळंच कोसळणार, मग भिंतीला हात कोण लावणार? आणि त्या मतदानात बेनेट यांच्या स्वतःच्या यामिना पक्षातून विरोधात गेलेला सदस्य होता अमिखाय चिकली, शाय यांच्यानंतर याच खुर्चीवर आलेला.

आधीचं आयुष्य किती लिहायचं

जे मंत्रिपदाचा अर्थ लावतं तेवढंच. शाय १९९१ च्या आखाती युद्धात लष्कराचे प्रवक्ते होते. इराकची स्कड क्षेपणास्त्रं येत असताना लोक गॅसचे मुखवटे चढवून, दारं-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केलेल्या खोलीत बसत, आणि शाय यांचा शांत आवाज त्यांना पाणी प्यायला सांगे. आजही त्या पिढीचा इस्रायली त्यांना त्या पाण्यावरूनच ओळखतो. हा प्रसंग ठेवा, कारण बोलण्यातून माणसं धरून ठेवणं हे त्यांचं भांडवल तिथलंच. पुढे ते अमेरिकी ज्यू फेडरेशनांच्या मध्यवर्ती संघटनेचं इस्रायलमधलं कार्यालय सांभाळत होते, हे मात्र बहुतेक नोंदींत गळतं. डायस्पोरा खात्याच्या दृष्टीने खरी तयारी ती.

बेने इस्रायल कुठे आणायचे

मराठी लेखात बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, आणि त्यांच्याबरोबर अलिबाग, रेवदंडा आणि मलिद्याच्या विधीचा उल्लेख करण्याचा मोह होतो. मंत्र्याच्या कारकिर्दीशी थेट संबंध नसेल तर टाळा. पण वाचकाला रब्बिनेटचा (ज्यूंची लग्नं आणि धर्मबाबी पाहणाऱ्या धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेचा) प्रश्न समजावायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बिनेटने बेने इस्रायलांच्या लग्नांआधी वंशावळ तपासण्याच्या सूचना काढल्या. कोकणातून गेलेल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना आपण ज्यू असल्याचं पुन्हा सिद्ध करायला सांगितलं गेलं. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि रब्बिनेटला सूचना मागे घ्याव्या लागल्या. ‘ज्यू कोण हे कोणी ठरवायचं’ हाच वाद आज अमेरिकी रिफॉर्म ज्यूंशी चालू आहे. त्यातला एक टप्पा म्हणजे १ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. इस्रायलमध्ये झालेली रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरं नागरिकत्वासाठी ग्राह्य धरावीत, असं त्याने सांगितलं.

टीका लिहिताना

विशेषणं काढा, कृती ठेवा. मार्च २०२५ मध्ये चिकली यांच्या मंत्रालयाने जेरुसलेममध्ये ज्यूद्वेषविरोधी परिषद भरवली आणि युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांचे नेते बोलावले. त्यांत फ्रान्सचे जॉर्डन बार्देला होते. ब्रिटनचे मुख्य रब्बी एफ्राईम मिर्व्हिस यांनी यायचं रद्द केलं. एवढं लिहिलं की पुरे. ‘वादग्रस्त’ हा शब्द लावून लेखकाचा आळस दिसतो, मंत्र्याचं काम दिसत नाही. दुसरी बाजूही कृतीतूनच द्या: असे पक्ष आज इस्रायलच्या बाजूने उभे राहतात म्हणून त्यांच्याशी बोलावं, असा चिकली यांचा युक्तिवाद आहे. बाकी वाचक ठरवील.

शेवटची तारीख

क्नेसेट विसर्जित झाली म्हणून मंत्रिपद संपत नाही. नवं सरकार शपथ घेईपर्यंत जुने मंत्री खुर्चीवर असतात. चोविसावी क्नेसेट ३० जून २०२२ ला विसर्जित झाली, निवडणूक १ नोव्हेंबरला झाली, पण शाय यांची मंत्रिपदाची अखेर २९ डिसेंबर २०२२. निवडणुकीची तारीख घातलीत तर जवळजवळ दोन महिने चुकाल. पदावर असलेल्या मंत्र्याच्या नोंदीत ‘सध्या’ हा शब्द वापरू नका, महिना आणि साल घाला.