‘लॉस्ट इन स्पेस’ बघताना पात्रांवरच्या प्रतिक्रिया कशा नोंदवाव्यात

कौटुंबिक साहसमालिका सुरू असली की ‘ही बाई डोक्यात जाते’ असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. हा राग नेमका कशाचा आहे ते शोधलं, तर मालिका कशी रचली आहे हेही दिसू लागतं. त्या सरावासाठी ‘लॉस्ट इन स्पेस’ उत्तम. अवकाशात भरकटलेलं रॉबिन्सन कुटुंब मालिकेच्या रूपात दोनदा आलं: १९६५ ते १९६८ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर ८३ भागांत आणि २०१८ ते २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर २८ भागांत. नव्या मालिकेच्या पहिल्या सीझनमधली काही गुपितं पुढे येणार आहेत, तेव्हा तो सीझन आधी बघून घेतलेला बरा.

१. प्रत्येकाला एक वही द्या. एका भागाला एक पान आणि पानावर चार रकाने: पात्र, त्याने काय केलं, मला काय वाटलं, आणि राग किंवा लोभ कोणावर. चौथा रकाना तूर्त रिकामा ठेवायचा.

२. भाग मध्येच थांबवून चर्चा करू नका. संपल्यावर पाच मिनिटं गप्प बसून सगळ्यांनी लिहायचं, मग सर्वांत लहान मुलाने आधी वाचून दाखवायचं. मोठी माणसं आधी बोलली की मुलं त्यांचीच री ओढतात आणि त्यांचं खरं मत हाती लागत नाही.

३. विशेषणाआधी क्रियापद लिहा. ‘मॉरीन (रॉबिन्सन कुटुंबातली आई) स्वार्थी आहे’ हे नंतर. आधी ‘तिचा मुलगा विल चाचणीत नापास झाला होता, मॉरीनने त्याचे गुण बदलून घेतले’ एवढंच. कृती नीट लिहिली की भांडण निम्मं होतं, कारण घरातले सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतात.

४. आता चौथा रकाना. राग पात्रावर आहे, लेखनावर की अभिनयावर? इथेच सर्वाधिक गल्लत होते, आणि डॉ. स्मिथ हे तिचं सर्वांत चांगलं उदाहरण.

जुन्या मालिकेत जोनाथन हॅरिस यांचा स्मिथ पहिल्या भागात निव्वळ घातपाती आहे. उड्डाणानंतर आठ तासांनी यान नष्ट करण्याची आज्ञा तो रोबोटला देतो आणि स्वतःच यानात अडकतो. पुढे हाच माणूस भित्रा, लाडीगोडी लावणारा विदूषक होत गेला. प्रेक्षकांना तो आवडू लागला, पण एक प्रश्न उरला: याला सोबत ठेवतात तरी का? ही तक्रार लेखनाची आहे, ती हॅरिस यांच्या खात्यावर टाकू नये. नव्या मालिकेत पार्कर पोझी यांची जून हॅरिस खऱ्या डॉ. स्मिथचं नाव चोरून वावरते. त्या लुबाडल्या गेलेल्या डॉक्टरच्या छोट्या भूमिकेत बिल मुमी आहेत, म्हणजे जुन्या मालिकेतला छोटा विल! इथे चीड येते ती जूनच्या कृत्यांची, आणि ती यावी म्हणूनच पात्र तसं घडवलं आहे. ‘नटी वाईट’ असं कोणी लिहिलं असेल, तर तिचा कोणता प्रसंग खोटा वाटला ते विचारा. प्रसंग सांगता आला नाही, तर नोंद ‘पात्र’ या खात्यात हलवा.

५. प्रत्येक नोंदीपुढे ‘याला तेव्हा काय माहीत होतं?’ याचं उत्तर लिहा. जून तोतया आहे हे आपल्याला पहिल्याच भागात कळतं, रॉबिन्सनना नाही. त्यामुळे ‘घरचे मूर्ख आहेत’ हा शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा ठरतो. सत्य कळल्यावरही कोणी तेच करत राहिलं, तर मात्र शेरा राहू द्या.

६. चार-पाच भागांनी मागचं पान उघडा. मत बदललं असेल तर जुनं खोडू नका; खाली तारीख घालून नवं लिहा. नव्या मालिकेत विल त्याचा मित्र झालेल्या रोबोटला कड्यावरून पुढे चालायला सांगतो, त्या प्रसंगाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या असतात.

एका बैठकीत दोनच भाग बघा. सलग पाच पाहिले की शेवटचा प्रसंगच डोक्यात राहतो आणि आधीची पात्रं त्याच्याच रंगात दिसतात. पुढच्या भागाचा सारांशही आधी वाचू नका. कोणी फसवणार हे ठाऊक असलं की त्याच्या साध्या हसण्यातही कट दिसू लागतो.

नव्या मालिकेचा पहिला सीझन, म्हणजे दहा भाग, झाले की जुन्या मालिकेचे सुरुवातीचे पाच बघा. पहिला सीझन कृष्णधवल आहे, मुलं पहिल्या भागात कुरकुरतील. वहीत स्मिथसाठी दोन पानं समोरासमोर ठेवा आणि दोन्हींवर चौथा रकाना भरा.