पंप खरंच गेलाय का?

आयटीआय करून गॅरेजला लागलेली पोरं कार्बोरेटर डोळे झाकून उघडतात, पण एफआय म्हणजे फ्यूल इंजेक्शनची गाडी आली की त्यांचा हात आखडतो. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला, तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या आहेत. त्यातल्या बऱ्याच आता वॉरंटीबाहेर आल्यात आणि आपल्यासारख्यांच्या दारात उभ्या राहतात. माझं गॅरेज पंचवटीत. या गाड्यांचं सगळ्यात जास्त बिघडवलेलं काम मी बघतो ते फ्यूल पंपाचं. गाडी सुरू होत नाही, बदला पंप. पिकअप नाही, बदला पंप. अख्खी असेंब्ली काही हजारांना येते, इलेक्ट्रिकचा माल दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि नवा पंप बसवूनही गाडी तशीच राहिली तर गिऱ्हाईक ते गावभर सांगतं.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल आपल्या वजनानं खाली यायचं. इथे टाकीत बुडवलेली एक छोटी मोटर ते दाबानं इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलपर्यंत ढकलते. बहुतेक गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. मोटर पेट्रोलमध्ये असते ती मुद्दाम, कारण पेट्रोलच तिला थंड ठेवतं. सातपूर-अंबडच्या शिफ्टला जाणारी बरीच मंडळी रोज शंभराचं पेट्रोल टाकून कायम रिझर्व्हवर फिरतात. त्यांचे पंप लवकर तापतात आणि लवकर जातात. गिऱ्हाइकाला हे नीट सांगितलं तर ऐकतं.

तपासणी कानानं सुरू होते. किल स्विच चालू ठेवून चावी फिरवा. टाकीतून दोन-तीन सेकंद ‘ऊंऽ’ असा आवाज येऊन थांबला पाहिजे. आवाज आला म्हणजे पंप चांगला, असं समजू नका. मोटर फिरते एवढंच त्यातून कळतं, दाब मिळतो की नाही ते नाही. आणि आवाज नाही आला म्हणून लगेच टाकीलाही हात घालू नका. आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच. रिले तपासायला शेजारचा तसाच रिले काढून तिथे लावला तरी चालतं. गाडी पडली होती का, हेही विचारा. आडवी पडली की सेन्सर पंप बंद करतो, आणि बऱ्याच गाड्यांत चावी एकदा बंद करून परत चालू केल्याशिवाय तो मोकळा होत नाही. पार्किंगमध्ये कुणी गाडी पाडली आणि मालकाला पत्ताच नाही, असं सर्रास होतं.

आता मल्टीमीटर. पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून नुसत्या वायरींवर व्होल्टेज बघायचं आणि ‘बारा येतायत, म्हणजे पंपच गेला’ म्हणायचं, ही सवय मोडा. कपलर जोडलेला असतानाच मागच्या बाजूनं मीटरच्या बारीक पिना आत सरकवा आणि मग चावी फिरवा. वीज येते तीच मुळी दोन-तीन सेकंद, तेव्हा पिना आधी लावलेल्या हव्यात. मोटर फिरत असताना मिळालेला आकडा खरा.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराची गाडी दुसरीकडून ‘पंप गेलाय’ असं ठरूनच माझ्याकडे आली होती. कपलर सुटा असताना मीटरवर १२.४ व्होल्ट. जोडून चावी फिरवली तर जेमतेम ९. कपलर उघडून बघितला तर अर्थच्या पिनेवर हिरवा थर. बागेत फवारणी झाली की तो त्याच पाइपनं गाडीही धुवायचा, पाणी तिथे जाऊन बसलं होतं. पिन साफ केली, सैल टर्मिनल बदललं, पंप जुनाच राहिला. पंपाकडून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची बाजूही अशीच मोटर फिरताना मोजायची. बरेच जण फक्त पॉझिटिव्ह बघतात.

वीज पुरेशी असेल तर दाब मोजा. पंपाची नळी आणि इंजेक्टर यांच्या मध्ये दाब दाखवणारा गेज लावायचा. आकडा गाठत नसेल तर आधी जाळी आणि फिल्टर, मग टाकीतली नळी आणि दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर, आणि मोटर सगळ्यात शेवटी. आकडा गाठतो, पण चावी बंद करताच धपकन खाली येतो, तर आतली नळी चिरलेली असेल, उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गेला असेल किंवा इंजेक्टर गळत असेल. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. दाब सगळीकडे बरोबर असेल तर पंप सोडा आणि इंजेक्टर, प्लग, एअर फिल्टर बघा.

‘मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी गपगार होते, इगतपुरीला चहा घेईपर्यंत परत चालू’ अशी तक्रार असेल तर थंड गाडीवर केलेल्या तपासणीचा उपयोग नाही. मोटर तापल्यावर ढिली पडते. गाडी चांगली तापवून, टाकीत पेट्रोल कमी ठेवून दाब मोजा.

गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल माझं मत सांगतो. बहुतेक मोटारसायकलींत दाब मोजणारा सेन्सरच नसतो, म्हणून दाब कमी झाला तरी तसा कोड येत नाही. नव्यानं धंद्यात उतरताना पहिला पैसा चांगल्या मीटरवर आणि गेजवर घाला, स्कॅनर नंतर घेता येतो.

पावसाळ्यात नाशिकमध्ये आणखी एक प्रकार येतो. गोदेला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढलं की घाटावर लावलेल्या काही गाड्या बुडतात. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. बुडालेल्या गाडीची टाकी पूर्ण उपसून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले की बाकी काही विचारायलाच नको. त्या टाकीत नवा पंप टाकणं म्हणजे पैसे गोदेत सोडणं.

बदलायची वेळ आलीच तर काम उघड्यावर करा, विडी-सिगारेट लांब, आग विझवायचं सिलेंडर जवळ. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, टाकी रिकामी करा, नळीचं लॉक दाबून ती काढा. उरलेलं पेट्रोल उडतंच, तेव्हा फडकं गुंडाळून ठेवा. पंपाच्या प्लेटभोवतीची माती ब्रशनं साफ केल्याशिवाय बोल्ट सैल करू नका, नाहीतर ती सगळी आत पडते. प्लेट वर ओढताना पेट्रोल दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी अडकते. थोडी तिरकी करून फिरवत काढा, वाकली की काटा कायमचा खोटं बोलतो.

फक्त मोटर बदलत असाल तर आत लावायची नळी पेट्रोलमध्ये बुडून राहणारीच घ्या. बाहेरची साधी पेट्रोल नळी आतून-बाहेरून फुगते आणि फाटते. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर मोटर उलटी फिरते आणि दाब येत नाही. नवा पंप ‘चालतो का बघू’ म्हणून कोरडाच बॅटरीला लावायचा नाही. टाकीला गंज असेल तर आधी टाकीचं काम. रबर पॅकिंग नवंच, बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळत. मग पेट्रोल भरून चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा, टॉर्च लावून गळती बघा, आणि मगच सेल्फ.

तपासणीची मजुरी आधीच वेगळी सांगत चला. कपलर साफ करून गाडी चालू झाली तर गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, पार्ट तर काहीच बदलला नाही, कशाचे पैसे?” मी त्याला चावी फिरवून मीटरवरचे दोन्ही आकडे दाखवतो आणि नव्या पंपाचा भाव सांगतो. सहसा पैसे मिळतात.