गणपतीच्या आराशीत मोटर लावताय? या चुका टाळा

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे हलत्या देखाव्यांचे रथ, निघतात. हुकूमचंद मिल कधीचीच बंद पडली, पण तिच्या नावाची झांकी चुकत नाही. ते हलते पुतळे पाहिले की घरची पोरंही आपल्या आराशीत उंदराची मान किंवा हत्तीची सोंड हलवायला घेतात. महाराणी रोडच्या बाजारातून मोटर येते, चाचणीत मस्त चालते आणि ऐन आरतीला बंद पडते.

पहिली गडबड दुकानातच होते. ‘१२ व्होल्ट, १०० आरपीएम (मिनिटाला फेरे)’ एवढंच सांगतात. ताकदीचं कोणी विचारतच नाही. सोंड २०० ग्रॅमची असेल आणि तिचा भार आसापासून १० सेंटिमीटरवर पडत असेल, तर ती आडवी धरायलाच २ किलो-सेंटिमीटर (वजन गुणिले अंतर, हे पिळाच्या ताकदीचं माप) लागतात. निळ्या एसजी-९० सर्व्होचा (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरीचा) आकडा ४.८ व्होल्टला १.८ च्या आसपास, आणि तोही मोटर अडून थांबते तेव्हाचा. रोजच्या कामाला त्याच्या निम्माच धरावा. मोठी सर्व्हो घ्यायच्या आधी सोंडेच्या मागच्या टोकाला दोन-चार नट बांधून भार तोलून बघा. फुकटात काम होतं.

ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला करंट पुरवणारं सर्किट, जळतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: मोटर अडली की ती किती करंट ओढते, हे कोणी मोजलेलं नसतं. मोकळी फिरताना पिवळी बीओ मोटर (खेळण्यांतली प्लास्टिक गिअरची स्वस्त मोटर) दीड-दोनशे मिलिअँपिअरवर भागवते, म्हणून सगळं ठीक वाटतं. सुरू होण्याच्या क्षणी आणि थर्माकोलचा तुकडा अडकल्यावर तीच मोटर कितीतरी पट ओढते. मोजणं सोपं आहे. मोटर सुटी करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत सगळ्यात कमी आकडा टिपा. ६ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहम निघाले, तर दीड अँपिअर. ड्रायव्हर आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही या आकड्याला पुरून उरले पाहिजेत. आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम टाकून मोटर चालवायच्या छोट्या बोर्डाच्या) पिनेवर थेट मोटर लावायचा विचारही नको. तिथून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये.

एल२९८एन हा ड्रायव्हर सगळीकडे मिळतो म्हणून सगळे तोच घेतात. पण तो एका अँपिअरला स्वतःच जवळपास २ व्होल्ट खातो. ६ दिले तर मोटरीला ४ पोचतात, उरलेल्याची उष्णता होते. लहान मोटरींना मी टीबी६६१२ हा ड्रायव्हर सुचवेन.

ड्रायव्हरऐवजी मॉस्फेट (विजेवर चालणारा स्विच) वापरणार असाल तर आयआरएफ५४० टाळा. गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायाला, ५ व्होल्ट दिले तर तो पूर्ण उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या. मोटरीच्या दोन टोकांमध्ये डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) हवाच, पांढरा पट्टा प्लसकडे. तो नसेल तर मोटर बंद करताना उसळणारा व्होल्टेज मॉस्फेटला मारतो.

मोटर सुरू होताच आर्डुइनो रिसेट होतो? प्रोग्रॅममध्ये डोकं घालू नका, आधी ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढा. ती रेडिओसाठी ठीक, मोटरीखाली तिचा व्होल्टेज कोसळतो. मोटरीला वेगळा पुरवठा द्या आणि दोन्हींचे ग्राउंड जोडा. हे जोडणं राहिलं की सर्व्हो नुसती थरथरते. मोटरीच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला की ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाटही घटतो.

राहिलं मूर्तीमागचं संथ चक्र. त्यासाठी बरेच जण मायक्रोवेव्हच्या ताटाखालची २३० व्होल्टची मोटर लावतात. ती दर वेळी कोणत्या दिशेने सुरू होईल याचा भरवसा नसतो. दिशेचं एकवेळ चालेल, पण ओल्या दूर्वा, हार आणि पोरांचे हात असलेल्या मखरात मेनची तार मला मान्य नाही. १० आरपीएमची १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या आणि अ‍ॅडॅप्टर मखरापासून लांब ठेवा.