बंदरात उतरायचं की जहाजावरच थांबायचं: निघण्याआधीची तयारी

क्रूझच्या प्रवासात एका सकाळी, ग्रीसच्या सांतोरिनी बेटापाशी, आई आणि मी टेंडर बोटीच्या, म्हणजे जहाजावरून किनाऱ्याला नेणाऱ्या लहान बोटीच्या, रांगेत उभ्या होतो. जहाज खोल पाण्यात थांबलेलं, किनारा समोर दिसतोय, आणि जहाजाच्या बाजूला पाण्यालगत उघडलेल्या दारातून लहान बोटीत उतरायचं. बोट लाटेबरोबर फूट-दीड फूट वर यायची आणि तेवढीच खाली जायची. खलाशी हात आडवा धरून थांबवायचा, बोट वर आली की "आता" म्हणायचा, आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. आईने माझा दंड धरला तो इतका घट्ट, की तिच्या बोटांचे वळ नंतर बराच वेळ राहिले. "तू जा गं, मी नाही येत," म्हणाली आणि मागे वळली. मागे रांग खोळंबलेली, पुढे खलाशी हात देऊन उभा. मी गेले. वर गावात फिरताना माझं लक्ष सारखं खाली पाण्यातल्या जहाजाकडे. संध्याकाळी कळलं, की मुख्य डायनिंग रूम दुपारी बंद दिसली म्हणून आई न जेवताच केबिनमध्ये परत आली होती. वरच्या डेकवर बुफे चालू होता, पण ते तिला ठाऊकच नव्हतं.

आई थांबली ते योग्यच केलं. चुकलं ते एवढंच, की बोटीच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत ठरवावं लागलं. तेव्हापासून मी हा निर्णय घरी, प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी, प्रत्येक बंदरासाठी वेगळा घेते. त्याची तयारी कशी करते ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी प्रवासाचं वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक बंदरापुढे लिहा: धक्का की टेंडर. धक्का असेल तर गँगवेवरून, म्हणजे जहाज आणि धक्का जोडणाऱ्या पुलावरून, चालत जमिनीवर जाता येतं, आणि व्हीलचेअरही सहसा जाते. टेंडर असेल तर वर सांगितलेली उडी प्रत्येकाला घ्यावीच लागते, जाताना एकदा आणि येताना एकदा. सांतोरिनी, ग्रँड केमनचं जॉर्जटाउन, बेलीझ सिटी ही टेंडरची ठिकाणं. काही कंपन्या व्हीलचेअरसकट कोणालाही टेंडरमध्ये घेत नाहीत, काही समुद्र शांत असेल तरच घेतात. हे बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. टेंडरच्या बंदराचा भरवसाही कमी. वारा वाढला की थांबाच रद्द होतो, त्यामुळे "उतरायचंच" असं ठरवलं असलं तरी त्या दिवशी जहाजावर काय करायचं हे कागदावर असलेलं बरं. आणि टेंडरने किनाऱ्याला लागलात म्हणजे पोहोचलात असंही नाही. सांतोरिनीत खालच्या जुन्या बंदरातून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार आहे, किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. दुपारी सगळ्या जहाजांची माणसं एकदम खाली यायला निघतात तेव्हा त्या केबल कारची रांग लांबच लांब जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ही परतीची रांग आधी हिशेबात धरावी आणि मगच चढायचं ठरवावं.

दुसरी गोष्ट म्हणजे बंदराचं खरं नाव. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "रोम" असतं, जहाज मात्र चिविताव्हेक्कियाला लागतं. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर. "पॅरिस" म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, २०० किलोमीटरच्याही पुढे. "बँकॉक" बहुतेक वेळा लाएम चाबांग असतं, आणि तिथून शहरात शिरायला गर्दीच्या दिवशी दोन तासांहून जास्त लागतात. हे कळलं की छापलेल्या तासांमधून हातातले तास काढा. समजा थांबा सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असा आहे. बारा तास वाटतात. पण सरकारी परवानगी मिळून गँगवे खुला व्हायला वेळ जातो, बंदराच्या फाटकापर्यंत शटल बस, मग स्टेशन, मग गाडी. परतताना सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी, काही जहाजांवर तासभर आधी, वर असावं लागतं, आणि त्याआधी स्वतःसाठी एक तास राखीव. असं करत करत बारा तासांचे सहा-सात उरतात. माझा नियम असा: जाण्यायेण्याचा वेळ तिथे राहण्याच्या वेळाहून जास्त होत असेल तर मी उतरत नाही. रोमला मी उतरले, कारण माझं गणित बसत होतं. पॅरिसला नाही उतरले आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. ते शहर बसच्या खिडकीतून बघण्यात मला रस नव्हता.

काही थांबे मुळात प्रवाशांच्या सोयीसाठी नसतातच, हेही ओळखायला शिका. सिएटलहून निघणारी अलास्काची जहाजं शेवटच्या टप्प्यात कॅनडाच्या व्हिक्टोरियाला बऱ्याचदा संध्याकाळी येतात आणि काही तासांत निघतात. याचं कारण १८८६ चा अमेरिकी कायदा. परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये कुठेतरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. अशा थांब्याला सामान आवरत केबिनमध्ये बसलात तर काही गमावल्याची चुटपुट लावून घेऊ नका.

कागदपत्रांच्या बाबतीत मोठा गैरसमज असतो: "आम्ही उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?" जहाज देशाच्या हद्दीत येतं तेव्हा तुम्हीही येता. काही देश न उतरणाऱ्यांकडूनही व्हिसा मागतात, आणि तो नसेल तर कंपनी पहिल्याच दिवशी चढू देत नाही. अमेरिकेच्या पहिल्या बंदरात जहाजावरच्या प्रत्येकाची इमिग्रेशन तपासणी होते. झोपायचं ठरवलं असलं तरी बोलावतील तेव्हा जावंच लागतं. म्हणून थांबण्याचा निर्णय झाला तरी व्हिसाच्या यादीतून ते बंदर खोडू नका. आपल्या पासपोर्टला प्रत्येक देशाचा नियम काय ते कंपनीकडून आणि त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरून, दोन्हीकडून तपासा.

आता माणसांकडे वळू, कारण खरा निर्णय इथे होतो. सलग चार दिवस चार बंदरं असतील तर चारही दिवस उतरण्याचा हट्ट मोडतो तो बहुतेक तिसऱ्या दिवशी. पाय सुजतात, मुलं किरकिरतात, नवरा-बायको फाटकाशी उभं राहून वाद घालतात. त्यातला एक दिवस आधीच विश्रांतीचा म्हणून नेमा, आणि तो असा निवडा की ज्या बंदराचं तुम्हाला सगळ्यात कमी आकर्षण आहे. सगळ्यांचा दिवस एकच असायला हवा असंही नाही. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नाही. एकत्र विचारलं की मोठी माणसं "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि मनातलं बोलत नाहीत. आईला मी एकटीला विचारलं तेव्हा तिने सात बंदरांपैकी तीन स्वतःहून खोडली आणि एका बंदराला, जिथे मी तिला थांबवणार होते, तिथे ती उतरणारच म्हणाली.

सहली घेणार असाल तर रद्द करण्याची मुदत बघून ठेवा. जहाजाच्या सहली बऱ्याचदा बंदर येण्याच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत पूर्ण परताव्यावर सोडता येतात, बाहेरच्या आयोजकांचे नियम वेगळे. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढे पोहोचवते. स्वतः ठरवलेल्या सहलीत ती जबाबदारी तुमची. बंदराचा कर मात्र तिकिटातच भरलेला असतो, उतरा वा न उतरा. "पैसे भरलेत म्हणून उतरू" हा विचार यादीत येऊच देऊ नका.

थांबण्याच्या दिवसाचीही तयारी लागते, ही गोष्ट मी आईच्या त्या उपाशी दुपारमुळे शिकले. आदल्या रात्री केबिनमध्ये येणारं किंवा अ‍ॅपवर दिसणारं दिवसाचं पत्रक वाचा आणि दुपारी जेवण नक्की कुठे मिळणार याच्यावर खूण करा. बंदरात असताना जकातीच्या आणि जुगाराच्या कायद्यांमुळे जहाजावरची दुकानं आणि कॅसिनो सहसा बंद असतात, करमणुकीचे कार्यक्रमही थोडे. स्पामध्ये मात्र अशा दिवशी बऱ्याचदा सवलत असते, आणि एरवी खुर्ची मिळत नाही तो पूल जवळजवळ रिकामा. सकाळी साडेनऊला, सगळे गेल्यावर, पूलच्या पाण्यावर एक सुरकुती नसते; पट्ट्यापट्ट्यांचे टॉवेल खुर्च्यांवर गुंडाळलेले तसेच पडून असतात, आणि कुठूनतरी फक्त ब्रशने डेक घासल्याचा आवाज येतो. पण पूर्ण शांतता मिळेल असं धरू नका. याच दिवशी कर्मचाऱ्यांचा आपत्कालीन सराव होतो, भोंगे वाजतात, लाइफबोटी खाली सोडतात, रंगकाम चालतं, इंधन भरताना उघड्या डेकवर वासही येतो. सराव किती वाजता आहे ते विचारून दुपारची झोप त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा. लहान मुलांना जहाजावरच्या मुलांच्या क्लबमध्ये ठेवून तुम्ही उतरणार असाल तर तसं चालतं का, आणि तुम्ही जहाजाबाहेर आहात याची नोंद कुठे करायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. प्रत्येक जहाजाचा नियम वेगळा असतो.

थांबणाऱ्याने बंदर पाहिलंच नाही असं होत नाही, फक्त गजर लवकरचा लावावा लागतो. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला जहाज जातं ते डोंगरांमधल्या आखातातून वळत वळत, आणि वेरिगेची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३४० मीटर रुंद आहे. दोन्ही काठांवरची घरं, चर्चची घड्याळं, अंगणातले वाळत घातलेले कपडे डेकवरून दिसतात. माल्टातल्या व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिरतानाच्या पिवळ्या दगडी तटबंद्या, नॉर्वेतल्या गैरांगरच्या फ्योर्डमधले (डोंगरांत शिरलेल्या खाडीतले) धबधबे, स्टॉकहोमच्या आधी काही तास चालणारी बेटांची रांग, हे सगळं जहाजावरूनच उत्तम दिसतं. वेळापत्रकात फक्त धक्क्याला लागण्याची वेळ छापतात, आत शिरणं त्याच्या तास-दोन तास आधी सुरू होतं. ती वेळ रिसेप्शनवर विचारून घ्या.

मधला मार्गही आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो. जहाज गावालगत लागत असेल तर दहा-साडेदहाला, गर्दी ओसरल्यावर उतरायचं, तासभर चालायचं आणि जेवायला परत यायचं. गँगवेवरून दिवसात कितीही वेळा ये-जा करता येते, प्रत्येक वेळी कार्ड आणि सामान तपासतात तेवढंच. अलास्कातलं केचिकन असं आहे. जहाज गावातल्या धक्क्याला लागलं असेल तर धक्का संपला की गाव सुरू. कोटोरही तसंच, जहाज धक्क्याला लागलं असेल तर जुन्या गावाचं दार पाच-दहा मिनिटांवर.

घरातले काही उतरणार आणि काही थांबणार असतील तर निरोपाची व्यवस्था आधी करा. जहाजाच्या अ‍ॅपवरचे संदेश जहाजाच्या वायफायवरच चालतात, किनाऱ्यावर गेलेल्याला ते पोहोचत नाहीत. म्हणून केबिनच्या टेबलावर एक चिठ्ठी: कोण कुठे गेलंय, कोणाबरोबर, किती वाजता परत. थांबणाऱ्याकडे स्वतःचं की कार्ड हवं, औषधं हवीत, आणि दवाखान्याच्या वेळा माहीत हव्यात. तब्येत जरा जरी बिघडली वाटली तर सकाळीच डॉक्टरांना सांगा. गरज पडली तर बंदरात असताना हॉस्पिटलला नेणं सोपं असतं, समुद्रात नसतं.

उतरणाऱ्याने आदल्या रात्री घड्याळाचा घोळ मिटवावा. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते, फोन आपोआप गावाची वेळ पकडतो, आणि जहाज सुटतं ते जहाजाच्या वेळेवर. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि उतरताना गँगवेपाशी लावलेल्या पाटीचा फोटो काढा. त्यावर परतीची वेळ आणि बहुतेकदा जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. पिशवीत एका दिवसाची जास्तीची औषधं, पासपोर्टची प्रत, फोनचा चार्जर, एक कार्ड.

आणि जहाजावर थांबणाऱ्याचं शेवटचं काम. परतीच्या वेळेला अर्धा तास उरला आणि आपलं माणूस आलं नाही, तर केबिनमध्ये वाट बघत बसू नका. रिसेप्शनवर जाऊन नाव, केबिनचा नंबर आणि ती चिठ्ठी द्या. जहाजाला थांबता आलं नाही तर मागे राहिलेल्याचा पासपोर्ट सहसा बंदरातल्या एजंटच्या हाती देऊन जातात, आणि तो केबिनच्या तिजोरीत असेल तर तिजोरीचा आकडा तुम्हाला पाठ हवा. आईला मी तो तीनदा म्हणायला लावते.